बांगड्या न वाजवता

आमची सून मैत्री या जानेवारीत गेली. डोक्यात रक्त साकळलं, दोन दिवस दवाखान्यात होती, तिसऱ्या दिवशी प्रितमचा फोन आला. तिच्या शाळेतल्या बायकांनी प्रितमला भेटून सांगितलं म्हणे, की तुमची बायको अवघड पोरांना फार छान सांभाळायची, कधी घाई करायची नाही. बरं वाटलं ऐकून. पण ती टीचर कशी झाली ते त्या बायकांना कुठं ठाऊक. त्या वर्षी शाळेला कुलूप होतं आणि मैत्री घरात एकटी होती.

ती गोष्ट अशी झाली. आमचा लहूदादा, म्हणजे तिचा सासरा, नागपूरला फेब्रुवारीत वारला. प्रितम लगेच अमेरिकेहून विमानानं आला. मैत्रीला येता आलं नाही, कारण तिचं ते स्पेशल मुलांच्या टीचरचं कॉलेज चालू होतं, मधे सोडलं तर वर्ष वाया गेलं असतं. प्रितम म्हणाला, तू थांब, मी बाबांच्या मागचं पुण्यानुमोदन करून येतोच. पुण्यानुमोदन झालं, आणि त्याची व्हिसाच्या शिक्क्याची तारीख होती त्याच आठवड्यात मुंबईचं ऑफिस बंद झालं. करोना आला. मग आज उघडेल, उद्या उघडेल. उन्हाळ्यात तिकडून हुकूम निघाला की असल्या व्हिसावाल्यांनी यायचंच नाही. प्रितम इकडं गच्चीवर बसून रात्ररात्र तिकडच्या ऑफिसचं काम करायचा आणि मैत्री तिकडं नेपरव्हिलला दोन खोल्यांत एकटी.

घर स्टेशनजवळ होतं. खिडकीतून शिकागोची गाडी दिसायची. आधी सकाळी माणसं कॉफीचे पेले घेऊन उभी असायची, आता गाडी यायची, थांबायची, दारं उघडायची, कुणी चढायचं नाही की उतरायचं नाही, दारं मिटायची. ती सांगायची की गाडीला पण सवय लागली असेल. भाजी आणायला जायची तर दुकानातला पोरगा डिक्कीत पिशवी ठेवून निघून जायचा, काच खाली करू द्यायचा नाही. कॉलेजचे क्लास कॉम्प्युटरवर व्हायचे. क्लास संपला की बाकीचे पटापट निघून जायचे आणि ही तशीच बसून राहायची. मग मॅडम विचारायच्या, मैत्री, तुझा काही प्रश्न आहे का. ही म्हणायची, नाही मॅडम. आणि तरी दोन मिनिटं बसायची.

तिचं शिक्षण सगळं हाताचं होतं. बोलता न येणाऱ्या लेकराच्या मागं बसायचं, त्याचा हात आपल्या हातात धरायचा, त्याच्याकडून चमचा उचलून घ्यायचा, मग हळूहळू आपला हात सैल करायचा. आधी मनगटाला धरायचं, मग कोपराला, मग नुसतं बोट लावायचं, मग तेही काढून घ्यायचं. लेकराला कळूही नये की आपण एकटं करतोय. हे पुस्तकात वाचून येत नाही. मैत्री घरी बसून उजव्या हातानं आपलाच डावा हात धरून सराव करायची. आम्ही व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि हसलो होतो. ती पण हसली.

शाळेचं नवं वर्ष कॉम्प्युटरवरच सुरू झालं, तिला खरी शिकवणी द्यायची होती, तेव्हा तिच्यावरच्या टीचर मिसेस कोवालस्की म्हणून होत्या, त्यांनी तिला एक मुलगी दिली. रुचा नाव, सहा वर्षांची. बोलत नव्हती. डोळ्याला डोळा देत नव्हती. आईबाप, शंतनू आणि आश्लेषा, दोघं कॉम्प्युटरवाले, घरातच दोन खोल्यांत दोन मीटिंगा लावून बसलेले. पोरीजवळ असायची ती तिची आजी, शोभनाकाकू, पुण्याच्या. सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि अडकल्या. त्यांचं इंग्रजी कच्चं. मिसेस कोवालस्कींनी विचार केला, ही पण मराठी, आजी पण मराठी, जमेल.

जमलं की. पहिल्याच दिवशी काकूंनी टॅबलेट डब्याला टेकवून उभा केला, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, तू तर आपल्यातली निघालीस." मैत्रीच्या डोळ्यात पाणीच आलं. घरच्यांखेरीज कुणी मराठीत बोललं त्याला किती दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी काकूंनी आडनाव विचारलं. तिनं रामटेके सांगितलं. काकू जरा थांबल्या, बरं बरं म्हणाल्या, आणि मग नागपूरला ऊन फार का ते विचारलं. मैत्रीनं काही मनावर घेतलं नाही. असं थांबणं तिला नवीन नव्हतं.

शिकवायचं काय, तर मागायला. शाळेनं चित्रांचे पत्ते घरी पाठवले होते. एका पत्त्यावर बिस्कीट, एकावर साबणाचे फुगे, एकावर लाल फुली, म्हणजे पुरे झालं, बास. पोरीनं पत्ता उचलायचा, ज्याच्याकडं मागायचंय त्याच्या हातात द्यायचा, आणि त्या माणसानं ती गोष्ट लगेच द्यायची. लगेच म्हणजे लगेच. हाच नियम. त्याच्यातून लेकराला कळतं की आपण मागितलं की मिळतं, रडायला नको, डोकं आपटायला नको. मैत्रीला पोरीचा हात धरता येत नव्हता, ती पडली टॅबलेटमधे. म्हणून तिचे हात म्हणजे काकू. ती सांगायची, काकू, आता मनगट धरा. आता कोपर. आता सोडा. काकू पण हुशार, शिकल्या चटकन.

पत्ते देऊन झाले की रुचा गालिच्यावर फुग्यांमागं जायची आणि मग काकू आणि मैत्रीच्या गप्पा. काकू तिला बाळा म्हणायच्या. आज काय केलंस, नुसता भात खाल्लास, असं नाही चालायचं, डाळ तरी लाव. पुण्यात काका एकटे आहेत, मोरेश्वरकाका, गुडघ्यामुळं आले नाहीत, ते दुधाची पिशवी पण धुऊन घेतात, असं सगळं. मैत्री प्रितमबद्दल सांगायची. तास कधी संपायचा कळायचं नाही. तेवढा एक तास तिच्या दिवसात माणूस असायचा.

पोरगी पण भराभर शिकली. महिन्याभरात काकूंनी हात लावायचं बंद केलं आणि रुचा आपली आपली पत्ता उचलून काकूंच्या तळव्यावर ठेवायला लागली. बिस्कीट पाहिजे तर बिस्कीट, फुगे पाहिजे तर फुगे, चुकायची नाही. आश्लेषा मीटिंगमधून उठून बघायला आली आणि रडली. मिसेस कोवालस्कींनी कौतुक केलं. लिहिलं की मुलगी आता मदतीशिवाय मागते. आणि म्हणाल्या की शाळा उघडेल तेव्हा रुचामागं जी एक खास बाई दिवसभर ठेवणार होतो तिची तेवढी गरज दिसत नाही, वसंतात मीटिंग आहे तेव्हा ठरवू. आणि मैत्रीला सांगितलं की तुझा टीचरचा परवाना मिळायला जो शिकवतानाचा व्हिडिओ पाठवायचा असतो तो हाच पाठव, यापेक्षा छान कुणाचा नसेल.

मैत्री व्हिडिओतला चांगला तुकडा काढायला बसली. कानाला हेडफोन लावले होते. चहा घ्यायला उठली, पडद्याकडं पाठ होती, व्हिडिओ चालूच होता. आणि पाठमोरी असताना तिला ऐकू आलं. किण. मग थोड्या वेळानं फुग्यांमागं धावणाऱ्या रुचाची पावलं. परत किण, आणि बिस्किटाचा पुडा.

ती परत येऊन बसली आणि सगळा व्हिडिओ डोळे मिटून ऐकला. मग आधीचे ऐकले. काकूंच्या हातात दोन सोन्याच्या बांगड्या आणि मधे हिरव्या काचेच्या. रुचाचा हात पत्त्यांवरून फिरायचा, काकूंच्या मनातल्या पत्त्यावर आला की त्यांचा जीव पुढं धावायचा, तळवा अर्धं बोट पुढं यायचा, आणि बांगडी वाजायची. तिथं पोरगी थांबायची. तोच पत्ता उचलायची. काकूंना ठाऊक पण नव्हतं. कुणी फसवलं नव्हतं. पण रुचा मागत नव्हती, बांगडी वाजली की समोरचा पत्ता उचलत होती.

मैत्री गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. व्हिडिओ होता, परवाना होता. पण शाळा उघडल्यावर पोरीला एकटं वर्गात बसवणार, तिथं बांगडी कोण वाजवणार. पोरगी बसून राहील आणि म्हणतील, हिला येतं पण करत नाही, हट्टी आहे. मैत्रीला एवढंच पाहिजे होतं की रुचानं एकदा, एकदाच, स्वतःच्या मनानं काहीतरी मागावं. मग ते काही का असेना.

दुसऱ्या दिवशी तिनं काकूंना सांगितलं की हात अजिबात हलवू नका. काकू म्हणाल्या, नाही हलवत. आणि रुचाचा हात बिस्किटावर आला की किण. काकू स्वतःवरच वैतागल्या, म्हणाल्या, अगं, मी मुद्दाम करत नाही गं, हात ऐकत नाही माझा. चारदा असं झालं. तेव्हा मैत्री सहज बोलून गेली, "काकू, मग तेवढ्या वेळापुरत्या बांगड्या काढून ठेवता का?"

तिच्या मनात काही नव्हतं, हे समजून घ्या. आमच्या घरात बांगड्यांचं कुणी काही धरत नाही. लहूदादा गेला तेव्हा गिरजावहिनींची एक बांगडी कुणी फोडली नाही, दादानंच सांगून ठेवलं होतं तसं. आणि एरवी पण भांडी घासताना, पीठ मळताना आमच्या बायका काढून खिडकीत ठेवतात. मैत्री तेच बघत आली.

काकूंचा चेहरा पडला. मग म्हणाल्या, "तुमच्यात चालत असेल. आमच्यात नवरा जिवंत असताना बाई हात रिकामे करत नाही."

मैत्री सॉरी म्हणायला गेली तर टॅबलेट बंद झाला होता.

त्यानंतर काकू आल्या नाहीत. आश्लेषाचा दोन ओळींचा मेसेज आला, की या आठवड्यात रुचाचे क्लास नको, घरी अडचण आहे. पुढच्या आठवड्यात पण तेच. मैत्रीला तुमच्यात हा शब्द काही केल्या विसरता येईना. घरी बसून ती तोच शब्द चघळत राहिली. प्रितमला सांगितलं तर तो चिडला, म्हणाला, सोड ना यार, दुसरी मुलगी माग. तिला दुसरी मुलगी नको होती. त्या ठरलेल्या वेळेला ती टॅबलेटसमोर जाऊन बसायची, केस विंचरून, पत्ते मांडून. समोर काळा पडदा आणि त्यात तिचाच चेहरा.

त्याच दिवसांत तिनं मिसेस कोवालस्कींना सगळं सांगून टाकलं. की पोरीला येत नाही, मी चुकीचं समजले, ते लिहिलेलं खोडा. मिसेस कोवालस्की म्हणाल्या, मग तुझ्या व्हिडिओचं काय. मैत्री म्हणाली, तो नाही पाठवत. त्यांनी विचारलं, दुसरा कधी होणार. मैत्री म्हणाली, ठाऊक नाही, ती माणसं येतात की नाही तेच ठाऊक नाही. मिसेस कोवालस्कींनी लिहिलेलं खोडलं. खास बाईचं पक्कं केलं. आणि एवढंच म्हणाल्या की वाट बघ.

मग कधीतरी आश्लेषानं खरं कारण लिहिलं. पुण्यात मोरेश्वरकाकांना करोना झाला होता, ऑक्सिजन लागला होता. काकूंना जाता येत नव्हतं, फोनवर बोलता येत नव्हतं, त्या देवासमोर बसून होत्या. मैत्रीनं तारखा बघितल्या. तिनं बांगड्या काढा म्हटलं, त्याच्या आदल्या रात्री काकांना दवाखान्यात नेलं होतं. काकूंनी ते कुणाला न सांगता टॅबलेट लावला होता, पोरीचा क्लास बुडू नये म्हणून. आणि मैत्रीनं त्यांना तेच म्हणावं. तिनं आम्हाला फोन करून हे सांगितलं. गिरजावहिनी म्हणाल्या, तुला काय माहीत होतं बाई. ती म्हणाली, विचारायला तर पाहिजे होतं ना मी, काका कसे आहेत म्हणून, रोज विचारत होते, त्याच दिवशी नाही विचारलं.

काका वाचले. दिवाळी उलटून गेली, नेपरव्हिलला पहिला बर्फ पडला, आणि एका सकाळी ठरलेल्या वेळेला टॅबलेट वाजला.

समोर काकू. बारीक झालेल्या, केस पांढरे जास्त दिसत होते. नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. शंतनूचे बर्फात घालायचे जाड लोकरी मोजे, पंज्याकडून कापलेले, मनगटापासून कोपरापर्यंत चढवलेले आणि वरून नाडीनं बांधलेले. कुस्तीला उतरल्यासारख्या दिसत होत्या.

"आत सगळ्या आहेत," काकू म्हणाल्या. "एक काढली नाही. वाजवून दाखवू?" त्यांनी हात जोरात हलवला. काही आवाज आला नाही.

मैत्रीला हसायला पण आलं आणि रडायला पण. ती काकांचं विचारायला लागली तर काकू म्हणाल्या, ते नंतर, आधी पोरगी. त्या दिवशीच्या शब्दाबद्दल काकू काही बोलल्या नाहीत. मैत्री पण नाही बोलली. ते तसंच राहिलं दोघींमधे, शेवटपर्यंत.

मग सुरू झाली खरी परीक्षा. बांगड्या गप्प झाल्या आणि रुचा पण गप्प झाली. पत्त्यांवरून हात फिरवायची, थांबायची, ऐकायची. काहीच वाजायचं नाही. मग ती काकूंच्या मोज्यांकडं बघायची, मोजे ओढायची. काकू दगडासारख्या बसलेल्या, तळवा उघडा, तोंड दुसरीकडं. मैत्री पण काही बोलायची नाही, कारण बोललं की तो पण इशारा झाला. दोन टोकांना दोन बायका श्वास धरून, मधे एक पोर. असा अर्धा अर्धा तास. काकू नंतर म्हणायच्या, बाळा, नातवंडाला भूक लागलीय आणि पुडा माझ्या हातात आहे आणि मी देत नाही, हे काय शिक्षण म्हणायचं का. मैत्री म्हणायची, अजून थोडं. तिला स्वतःला खात्री नव्हती. तिनं आजवर एकाही लेकराचा हात हातात धरला नव्हता. ती कसली टीचर. नाताळ येऊन गेला. व्हिडिओची तारीख एकदा पुढं ढकलून मिळाली होती, ती पण जवळ आली.

त्या सकाळी अकराच्या सुमाराला बाहेर बर्फाचा फावडेवाला रस्ता साफ करत होता. रुचा बसली होती. हात फिरवला, थांबली, मोजे बघितले. बिस्किटाचा पत्ता सोडला. फुग्यांचा सोडला. मग तिनं लाल फुलीचा पत्ता उचलला. काकूंचा तळवा समोर होता. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. उठली, टेबलाला वळसा घालून टॅबलेटसमोर आली. मैत्रीला तिचं नाक दिसलं, कपाळ दिसलं, एवढ्या जवळून तिनं ती पोर कधी बघितली नव्हती. आणि रुचानं तो पत्ता टॅबलेटवर, सरळ मैत्रीच्या तोंडावर, दाबून धरला. पडदा लाल झाला. दुसरं काही दिसेना.

म्हणजे बास. जा आता तू.

कुणी वाजवलं नव्हतं, कुणी बोललं नव्हतं. स्वतःच्या मनानं मागितलं होतं, आणि ज्याच्याकडं मागायचं त्याच्याकडंच मागितलं होतं. पत्त्यामागून काकूंचा आवाज आला, "बाळा, बघितलंस का गं, अगं तिनं तुला..." त्यांचं पुढचं बोलणं मैत्रीला फार ऐकायचं होतं. काकूंचा चेहरा बघायचा होता. पण मागितलं की लगेच द्यायचं. पोरगी मागत होती की ही बाई जाऊ दे. मैत्रीनं काकूंचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. तिनं लाल बटण दाबलं आणि गेली.

खोली एकदम शांत झाली. बाहेरचं फावडं पण थांबलं होतं. तिनं फोन हातात घेतला. इकडं रात्र, आम्ही सगळे झोपलो होतो. प्रितम गच्चीवर ऑफिसच्या मीटिंगमधे होता. तिनं फोन खाली ठेवला. मग उठून उभी राहिली, परत बसली. शेजारी कोण राहतं ते तिला ठाऊक नव्हतं. स्टेशनवर गाडी आली, दारं उघडली, मिटली. असा तिचा टीचर झाल्याचा दिवस गेला, एवढ्या मोठ्या आनंदाचं करायचं काय ते न कळता, संध्याकाळपर्यंत, एकटीनं.

पुढं, परवाना हातात आल्यावर कितीतरी दिवसांनी तिनं हे सांगितलं. आम्ही म्हटलं, अगं, मग तेव्हाच फोन का नाही केलास. म्हणाली, तुमची झोप मोडली असती.

मोडायला पाहिजे होती गं. आम्ही सगळे उठून बसलो असतो.